तीस कपड्यांची टाकी

माझा धंदाच अंदाजाचा. ठाण्यातल्या एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात मी सत्तावीस वर्षं इमारतींची अंदाजपत्रकं करतोय. नकाशा समोर आला की विटा किती, सिमेंट किती, लाद्या किती, वायर किती मीटर, हे सगळं मी कागदावर काढून देतो आणि ते बहुतेक वेळा बरोबर येतं. त्यामुळे डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत माझ्या आकड्यांना मान आहे. सेक्रेटरीपदही त्यामुळेच माझ्या गळ्यात पडलं. बाकी कोणी तयार नव्हतं, हेही खरंच, पण ते मी सहसा सांगत नाही.

आमची इमारत चार मजली, सोळा घरांची. लिफ्ट नाही, वॉचमन नाही. खाली जिन्याच्या पोटात मीटरांची फळी आहे, तिच्या पलीकडे पाण्याच्या पंपाची खोली, आणि या दोन्हींच्या मधे एक लाकडी टेबल. त्या टेबलाशी अकरा वर्षं एक बाई इस्त्री करतात. आम्ही त्यांना ताई म्हणतो. मूळच्या सातारा भागातल्या, राहायला दिवा स्टेशनजवळ. सकाळी आठला येतात, दुपारी एक ते तीन डबा आणि जरा टेकणं, मग पुन्हा सात वाजेपर्यंत काम. आमच्या आणि आजूबाजूच्या चार इमारतींचे कपडे त्यांच्या हातून जातात. नवरा बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेला, मुलगी नर्सिंग शिकते. घर चालायचं ते त्या टेबलावर.

दहा वर्षं त्यांची इस्त्री कोळशाची होती. मागच्या दिवाळीच्या आधी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी धुराची तक्रार केली, एकदा ठिणगी उडून कोणाच्या तरी पायपुसण्याला भोक पडलं, आणि मग आम्हीच बैठकीत ठरवलं की ताईंनी कोळसा सोडावा. त्यांनी विजेची जड इस्त्री घेतली. सोसायटीच्या सामाईक मीटरवरून त्यांना एक प्लग दिला आणि त्याबद्दल महिन्याला एक ठरावीक रक्कम घ्यायचं ठरलं. त्या सामाईक मीटरवर तेव्हा फक्त जिन्यातले दिवे, गेटवरचा दिवा आणि पाण्याचा पंप होता. त्यात ही इस्त्री आली.

मार्चमध्ये सामाईक बिल हातात आलं आणि माझं डोकं फिरलं. दिवाळीआधीच्या बिलापेक्षा सव्वादोनशे युनिट जास्त. मी खाली गेलो. ताई डब्याला बसल्या होत्या. टेबलावरची इस्त्री उलटी करून तिच्या मुठीखालची पाटी वाचली. एक हजार वॅट. मग जिना चढता चढताच माझं गणित तयार झालं. हजार वॅट म्हणजे तासाला एक युनिट. दिवसाचे नऊ तास, महिन्याचे सव्वीस दिवस. दोनशे चौतीस. सव्वादोनशेची वाढ आणि दोनशे चौतीसचा हिशेब! इतकं नेमकं उत्तर मला ऑफिसातसुद्धा क्वचित मिळतं. मी इतका खूश झालो की बिल वाढल्याचा राग विसरलो.

त्याच संध्याकाळी हे गणित तक्त्यात मांडून मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली अंगठेच अंगठे. अध्यक्षांनी लिहिलं, ‘सेक्रेटरीसाहेबांचं काम म्हणजे काम.’ तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने विचारलं की मग पुढे काय. पुढे काय ते मीच लिहिलं. जिन्याखालची जागा महिनाअखेर रिकामी करून घ्यावी, असा ठराव पुढच्या रविवारच्या बैठकीत मांडण्यात येईल. त्याची नोटीस छापून मी फलकावर लावली. आमचा फलक कुठे आहे तर ताईंच्या टेबलाच्या बरोबर वर. म्हणजे ज्यांच्या पोटावर पाय आणायचा त्यांच्याच डोक्यावर मी ती टाचण्यांनी टोचली, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तेव्हा ताईंनी इस्त्री बाजूला ठेवली.

“साहेब, हजार वॅट म्हनजे काय वो?”

मला समजावून सांगायची हौस आहे. मी घड्याळाकडे न बघता सांगितलं. वॅट म्हणजे काय, युनिट म्हणजे काय, नऊ गुणिले सव्वीस म्हणजे काय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पण मी दिवसभर बटन चालू नाय ठेवत,” त्या म्हणाल्या.

“ताई, असं सगळेच म्हणतात,” मी म्हणालो आणि रिक्षा धरायला बाहेर पडलो.

हे वाक्य आज लिहितानाही मला नको वाटतंय. पण मी ते म्हणालो होतो.

घरी रात्री जेवताना बायकोला हा सगळा प्रकार सांगितला, अर्थात माझ्या हुशारीसकट. तिने भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, “अहो, तुम्ही कधी त्यांच्याजवळ बसून बघितलंय का, किती वेळ चालू असते ती?”

“पाटीवर लिहिलंय.”

“पाटीवर वॅट लिहिलेत. तास लिहिलेत का?”

मी म्हणालो की तास साधे आहेत, आठ ते एक आणि तीन ते सात. ती म्हणाली, “मग मीपण दिवसभर स्वयंपाकघरात असते. म्हणून गॅस दिवसभर पेटलेला असतो का?” आणि उठून ताक आणायला गेली. मला राग आला. बायकोचं बरोबर असण्याची शक्यता असली की मला जास्तच राग येतो. त्या रागातच मी ठरवलं की एक दिवस रजा टाकायची, जिन्यात बसायचं, मीटरसमोर मोजायचं आणि बैठकीत असा पुरावा ठेवायचा की घरातलं आणि बाहेरचं कोणीच पुन्हा तोंड उघडणार नाही.

गुरुवारी सकाळी पावणेआठला मी वही, पेन, मोबाइल आणि एक प्लास्टिकचं स्टूल घेऊन खाली जाऊन बसलो. हल्लीच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. किती लुकलुकला की एक युनिट होतं ते मीटरवरच छापलेलं असतं. आमच्यावर बत्तीसशे असं आहे. म्हणजे मिनिटभर लुकलुक मोजली की त्या क्षणी किती वीज चालली आहे ते कळतं. दिवसा जिन्यातले दिवे बंद असतात, त्यामुळे त्या मीटरवर जे काही दिसेल ते एक तर पंपाचं, नाही तर इस्त्रीचं. माझ्या दृष्टीने सापळा चोख होता.

ताई आल्या. चपला काढल्या, टेबलाला हात लावून नमस्कार केला, गाठोडी सोडली. आणि इस्त्रीला हात न लावता कपडे लावत बसल्या. मी वाट बघत होतो. एका बाजूला जाड सुती, खळ घातलेले झब्बे, लेंगे. मग पँटी. मग टेरिकॉटचे शर्ट, शाळेचे गणवेश. मग सिंथेटिक साड्या, आणि सगळ्यात शेवटी ओढण्या आणि एक रेशमी ब्लाउज. असे ढीग त्यांनी न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून लावले. तोवर मीटरचा लाल दिवा ढिम्म.

मग सव्वाआठला त्यांनी पंपाच्या खोलीत जाऊन पंप चालू केला. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. आधी पंप बघणारा माणूस सोडून गेल्यापासून त्या सकाळ-संध्याकाळ पंप लावतात, आणि टाकी भरून पाणी बाहेर पडायला लागलं की बंद करतात. शनिवारी संध्याकाळी भरलेली टाकी रविवारभर पुरते. सोळा घरांत मिळून हे कोणाच्या कधी मनात आलं नव्हतं की पंप कोण लावतं. नळाला पाणी येत होतं.

पंप चालू झाल्यावर मी पहिल्यांदा मोजलं. मिनिटाला ब्याण्णव. पंपाच्या पाटीवर दीड किलोवॅट लिहिलंय, आणि मीटर सांगत होतं पावणेदोन. मी वहीत लिहिलं, बाजूला एक प्रश्नचिन्ह काढलं आणि ते तिथेच सोडलं, कारण मी पंप मोजायला आलो नव्हतो.

इस्त्री लावली त्यानंतर दोन मिनिटांनी. आता ब्याण्णवावर आणखी अठ्ठेचाळीस पडले. अठ्ठेचाळीस म्हणजे नऊशे वॅट. पाटीपेक्षा कमी. आमच्याकडे विजेचा दाब पूर्ण येत नाही, त्यामुळे असेल. मी मनात म्हटलं, ठीक आहे, शंभर वॅट सोडून देऊ, आपलं मन मोठं आहे.

आणि दहा मिनिटांनी ताईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

इस्त्री मात्र चालूच राहिली. म्हणजे हात चालू राहिला. झब्बे आणि लेंगे कडक तापावर झाले होते. आता बटण बंद ठेवून त्या पँटी करत होत्या, मग शर्ट, मग गणवेश. ताप उतरत होता आणि त्या तापाबरोबर कपडा बदलत होता. मधेच इस्त्री गालाजवळ नेत, एक श्वासभर थांबत, आणि पुढचा ढीग कुठला ते ठरवत. साड्या झाल्या. शेवटी जेव्हा इस्त्री जेमतेम कोमट उरली असेल तेव्हा ओढण्या आणि तो रेशमी ब्लाउज. मग पुन्हा बटण, पुन्हा झब्बे. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद.

माझी पहिली शंका काय असेल? बाई माझ्यासमोर नाटक करतायत. मी समोर बसलोय म्हणून बटण बंद करतायत. तसं मी विचारलंही, जरा आडून.

“ताई, रोज असंच करता?”

“कोळशाची सवय, साहेब,” त्या म्हणाल्या. “कोळशाला कुठलं आलंय बटन? एकदा निखारा भरला की तो जसा उतरंल तसं आपन उतरायचं. आधी जाडं, मग पातळ. उलटं केलंत तर साडी जळंल न् झब्बा चुरगळलेला र्‍हाईल. ही इस्त्री नवी हाय, पण हात जुनाच हाय ना.”

“पण ही आपोआप बंद होते की. आत सोय असते.”

“होती की. पण ती गरम झाल्यावर बंद होती, आन् जरा निवली की लगेच पेटती. मला निवलेलीच पायजे असती. ती बिचारी तापत बसती, मी वाट बघत बसनार व्हय? त्यापरीस बटन बंद.”

मी वहीत डोकं घातलं. हे मी सत्तावीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. आम्ही यंत्र किती ओढतं ते पाटीवरून घेतो, त्याला तासांनी गुणतो, आणि वर थोडी टक्केवारी कमी करतो, तीही सवयीने. माणूस ते यंत्र कसा वापरतो याला आमच्या तक्त्यात रकानाच नाही. आणि इथे एक बाई उतरत्या तापाचा शेवटचा चटकासुद्धा वाया जाऊ देत नव्हती. तिला वॅट म्हणजे काय ते मी परवा शिकवलं होतं.

तरीही मी हटलो नाही. मी तसा हट्टी माणूस आहे. दुपारी एक वाजता जिन्यातून जाणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या काकू थांबल्या आणि म्हणाल्या, “काय रे, बायकोने घराबाहेर काढलं का?” मी म्हणालो, मीटर बघतोय. त्या म्हणाल्या, “बघ बाबा, डॉक्टरलापण दाखव.” अजून दोघांनी विचारून झालं. शाळेतून आलेल्या एका पोरीने माझ्याबरोबर दोन मिनिटं लुकलुक मोजली आणि कंटाळून वर गेली. मी संध्याकाळी सातपर्यंत बसलो. इस्त्री एकूण तीन तास सात मिनिटं चालू होती. दोन पूर्णांक आठ युनिट.

शुक्रवारी मी समोर बसलो नाही. नाटक असेल तर आज उघडं पडेल म्हणून ऑफिसला जाताना मीटरचा आकडा टिपला, आणि बायकोला सांगितलं की दिवसातून पाच-सहा वेळा सहज खाली चक्कर मारून ये आणि दिवा बघ. तिने आधी मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, मग केलं. सहा चकरांत इस्त्री दोनदा चालू होती, चारदा बंद. पंप मात्र सहांपैकी चारदा चालू.

पंपाचं ते चार मला ठाण्याहून परत येईपर्यंत डाचत राहिलं. घरी आल्यावर मी जुनी बिलं काढली. दिवाळीआधीचं आणि मार्चचं अशी दोनच बिलं मी शेजारी ठेवून वजाबाकी केली होती. मधली उघडलीच नव्हती. आता उघडली. इस्त्री आल्यापासून डिसेंबरपर्यंत महिन्याची वाढ होती सत्तरेक युनिटांची. बस. तीच इस्त्री, तेच तास. जानेवारीत शंभरावर, मग दीडशेच्या पुढे, मग सव्वादोनशे. इस्त्रीला दर महिन्याला अशी भूक वाढत जायचं काही कारण नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिलो. इतकी सोपी गोष्ट मी बघितली नव्हती, कारण दोनशे चौतीस हा आकडा मला फार आवडला होता.

शनिवारी मला सुट्टी असते. सकाळी स्टूल न घेता खाली गेलो. ताई पंप लावून टेबलाशी आल्या होत्या.

“ताई, पंप हल्ली जास्त वेळ चालतो का?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उत्तर मिळायच्या आधीच लाज वाटली.

“साहेब, मी तुमाला सांगितलं व्हतं की. संक्रांतीच्या टायमाला. म्हनलं, पंप दमतोय. तुमी ‘बघू बघू’ म्हनून वर गेलात.”

मला आठवलं. हातात पिशव्या होत्या, मोबाइल वाजत होता. मी खरंच ‘बघू बघू’ म्हणालो होतो.

“तुम्हाला कसं कळलं, दमतोय ते? आवाजावरून?”

“आवाज हायच. पण कपड्यावरून कळलं. आधी तीस कपड्यांत टाकी भरायची.”

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं, मी वॅट समजावले होते त्यापेक्षा कितीतरी सोपं करून. त्या घड्याळ वापरत नाहीत. पंप लावला की इस्त्रीला सुरुवात, आणि कपडा झाला की उजवीकडच्या ढिगावर. तीस कपडे झाले की मागच्या बाजूला वरून पाणी पडल्याचा आवाज यायचा, की त्या उठून पंप बंद करायच्या. वर्षानुवर्षं तीस. मोठे कपडे जास्त असले तर सत्तावीस, ओढण्या जास्त असल्या तर तेहतीस. जानेवारीत चाळीस झाले. मग पन्नास. आता साठ होऊनही कधी कधी आवाज येत नव्हता.

“आन् कान पान्याकडंच असतो माझा,” त्या म्हणाल्या. “आमच्या दिव्याला आठवड्यात दोनदा टँकर. हंडा भरताना वर नाय सांडू द्यायचं, न् खाली रिकामा नाय र्‍हाऊ द्यायचा. हितं टाकी भरून पानी वाहून गेलेलं मला बघवत नाय. म्हनून मी पंप लावते न् बंद करते. तुमी कोन सांगितलं नव्हतं.”

मी वही उघडली. एका कपड्याला सरासरी तीन मिनिटं. तीस कपडे म्हणजे दीड तास, साठ-पासष्ट म्हणजे सव्वातीनपर्यंत. सकाळ-संध्याकाळ मिळून रोजचे साडेतीन तास जादा. तासाला पावणेदोन युनिटच्या घरात. सव्वीस दिवसांचे होतात दीडशेच्या थोडे वर. त्यात इस्त्रीचे सत्तर-बहात्तर मिळवले की सव्वादोनशे. माझ्या वहीतली बेरीज आणि कंपनीचं बिल एकमेकांना चिकटून बसले. या वेळी मला आनंद झाला नाही. मी त्या उजवीकडच्या ढिगाकडे बघत होतो. इतकी वर्षं तिथे एक चोख मोजमाप चाललं होतं आणि मी त्याच्या शेजारून रोज दोनदा जिना चढत होतो.

खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला. मला आकडे येतात, पण त्यांना गोष्ट येते. पंप किती ओढतो ते त्यांना सांगता आलं नसतं, पण तो आजारी आहे हे कळलेला इमारतीतला एकच माणूस म्हणजे त्या. आणि त्यांनाच मी बाहेर काढायला निघालो होतो. फलकावरची नोटीस मी तिथल्या तिथे काढली. टाचणी बोटाला लागली. ताईंनी बघितलं.

दुपारी ठाकुर्लीहून एक मिस्त्री बोलावला. त्याने पंप उघडला. आतला पंखा झिजून काठाला पातळ झाला होता, आणि खालच्या टाकीतल्या जाळीवर गाळाचा थर. “हे काय साहेब, दोन-तीन महिने तरी असंच ओढताय,” तो म्हणाला. “कोणाच्या लक्षात नाय आलं?” मी ताईंकडे बघितलं. त्या एका गणवेशाची कॉलर उलटी करून दाबत होत्या. संध्याकाळपर्यंत नवा पंखा बसला आणि जाळी साफ झाली.

रविवारी सकाळी गच्चीवर बैठक झाली. मी लाल फुली मारलेला माझा जुना तक्ता घेऊनच उभा राहिलो. लांबलचक बोलायची मला सवय आहे. त्या दिवशी सरळ म्हणालो, “माझं गणित चुकलं. ताईंची इस्त्री दिवसाला तीन तास चालते, नऊ तास नाही. वाढ पंपाची आहे. ते त्यांनी मला जानेवारीतच सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. ठराव मी मागे घेतो.” अध्यक्ष म्हणाले, “जाऊ दे हो, होतं असं.” मी म्हणालो, असं होतं म्हणून सोडून देता येणार नाही, एका बाईचं अकरा वर्षांचं बस्तान मी तीन ओळींत उठवत होतो. काकूंनी नाक पुसलं. त्यांना काय एवढं लागलं ते कळलं नाही, धुराची तक्रार त्यांचीच होती म्हणून असेल.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांना मात्र अजून मुद्दा होता. ते म्हणाले, सत्तर तर सत्तर, पण ते खरंच सत्तर आहेत हे दर महिन्याला कोण मोजत बसणार? सेक्रेटरी काय रोज रजा टाकणार आहेत? लोक हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात जिन्याच्या दारातून आवाज आला. ताई वर आल्या होत्या. रविवारी त्यांची सुट्टी असते. त्या दिव्याहून मुद्दाम आल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. नोटीस निघाली तरी त्यांना वाटत होतं की ठराव व्हायचाय.

“मला येगळा मीटर द्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावाचा. मग माझं मी बघीन. कुनी मोजायला नको, न् कुनी सांगायला नको.”

अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत? कोणाची नव्हती.

सोमवारी संध्याकाळी लवकर येऊन मी वीज कंपनीचा अर्ज भरायला त्यांच्या टेबलाशी बसलो. सोसायटीचं ना-हरकतीचं पत्र मी आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या कागदांत ते मला सगळ्यात चांगलं वाटतं, जरी ते पाच ओळींचंच असलं. नाव, पत्ता, जागेचा वापर, सगळं भरून झालं. मग एक रकाना आला. मागणी केलेला भार, किलोवॅटमध्ये.

हात सवयीने चालायला लागला होता. मी थांबवला.

“ताई, इथं काय लिहू?”

त्यांनी इस्त्री गालाजवळ नेऊन बघितली, बटण बंद केलं आणि टेरिकॉटचा शर्ट ओढला.

“तुमी पाटीवरचं लिवलं व्हतं ना, हजार? तेच लिवा. तापताना ती तेवढंच खाती. ते तिचं हाय.” मग शर्टाची बाही पसरता पसरता म्हणाल्या, “किती येळ खायाचं ते माझं हाय. ते कागदावर नसलं तरी चालंल.”

मी एक किलोवॅट लिहिलं आणि सहीसाठी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शर्टाची दुसरी बाही पूर्ण केली, हात पदराला पुसले आणि मग सही केली. मागच्या बाजूला वरून पाणी पडल्याचा आवाज आला. त्या उठल्या. मी उजवीकडचा ढीग मोजला. एकतीस होते.